मात्सुमोतोचं रिकामं पान

२७ सप्टेंबर, शनिवार
बाबांना पुण्याहून येऊन आठवडा झाला आणि मी अजून बोललेले नाही. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. ओदावाराच्या गाडीत सांगीन, नाहीतर किल्ल्यावर, नाहीतर परतताना. तिन्ही हुकलं. निदान इथे तरी लिहून टाकते. आम्ही मार्चमध्ये पुण्याला परत जात नाही आहोत. जपानमध्येच कायम राहण्याचा अर्ज उन्हाळ्याआधीच टाकलाय. नवऱ्याने, निखिलने, आणि मी, दोघांनी सह्या केल्या. आणि बाबा तिकडे इराच्या शाळेची चौकशी करून बसलेत, मधल्या खोलीला रंग दिलाय. कुठला रंग विचारलं, तर म्हणे, "इराला आवडेल तो." म्हणजे कुठला, देव जाणे.

ओदावाराचा किल्ला दुरून झकास, आत सगळं काँक्रीट. बाबांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं. "मेधा, हा किल्ला आहे की किल्ल्याच्या आकाराचं ऑफिस?" वरून समुद्र दिसला तेव्हा जरा निवळले. इथे प्रत्येक किल्ल्याचा रबरी शिक्का असतो, तो आपल्या वहीत मारून घ्यायचा. शंभर किल्ल्यांची छापील वही मिळते. बाबांनी ती घेतलीच. सत्तरीचा माणूस, अर्धा सह्याद्री पालथा घातलेला, जिभेचं टोक बाहेर काढून शिक्का मारत होता. उलटा पडला.

"शंभर कसे होणार बाबा? नव्वद दिवसांचा व्हिसा तुमचा."
"पुढच्या खेपेला करू." मग स्वतःच, "छे, पुढच्या खेपेला तुम्ही इथे कुठे असणार!"
मी खिडकीबाहेर बघत बसले. भित्री भागुबाई.

५ ऑक्टोबर, रविवार
साकुरा. तासाभराचा प्रवास. तिथे किल्लाच नाही! भिंत नाही, छप्पर नाही, दगडसुद्धा नाही. नुसते खंदक, मातीचे उंचवटे आणि झाडं. इरा वैतागली, "नानिमो नाइ!" काहीच नाही, म्हणून. बाबा मात्र पोरासारखे सुटले. "हा गड! अगं, इथे बुरूज असणार. इथून वळण. वेडे आहात, बघा तरी."

बाबांनी चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली. आणखी चिमूट गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. एक म्हातारे जपानी गृहस्थ कुत्रा फिरवत होते, ते थांबले. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनीही केला. कुणाला काय कळलं कुणास ठाऊक.

माती कशाला, तर दिवाळीच्या किल्ल्यावर घालायला. किल्ला कुठे? आमच्या गॅलरीत, म्हणे. निशी-कसाईत, सातव्या मजल्यावर!

१२ ऑक्टोबर, रविवार
झालं. किल्ला झाला. पार्कातली माती उकरायची सोय नाही, म्हणून निखिल (नि. लिहिते यापुढे, हात दुखतो) विकतच्या मातीच्या चार पिशव्या सायकलवरून घेऊन आला. आजोबा-नातीचं दिवसभर भांडण. बाबांना माची हवी, तिला खंदकात मासे हवेत. शेवटी बुरूज सह्याद्रीचे आणि वर पुठ्ठ्याचं चार मजली जपानी छप्पर. मावळे नाहीत, म्हणून दाराशी इराचे प्लास्टिकचे पेंग्विन. साकुराची माती बालेकिल्ल्यावर. मोहरी पेरली.

इरा मराठीत भांडत होती. चिडली की मराठी येतं तिला, हे मला माहीतच नव्हतं.

नि. म्हणतो, "जितका उशीर करशील तितकं वाईट." बरोबर आहे. मग तूच सांग म्हटलं, तर म्हणतो, "वडील तुझे."

२३ ऑक्टोबर, गुरुवार
ऐन भाऊबीजेला बिल्डिंगचे केअरटेकर दारात. आधी तीन वेळा माफी मागितली, मग मुद्दा. आपल्या आणि शेजारच्या गॅलरीमधला पत्रा आगीच्या वेळी फोडून पळायचा असतो. किल्ला त्यालाच टेकवून बांधलाय! मी लाजेने अर्धी झाले. मोरे-सान म्हणजे शिस्तीची बाई, असं नाव आहे माझं इथे. बाबांनी हात जोडले. केअरटेकर किल्ल्याकडे बराच वेळ बघत राहिले, पेंग्विन मोजल्यासारखे. मग म्हणाले, फार छान आहे, पण हलवावा लागेल.

संध्याकाळी फावड्याने किल्ला दुसऱ्या कोपऱ्यात. मोहरी तरारलेली, निम्मी वाचली. माती फेकायची तरी कशी, म्हणून वॉर्डाचं कचऱ्याच्या नियमांचं पुस्तक काढलं. जळणाऱ्या कचऱ्यात नाही, न जळणाऱ्यात नाही. माती नेतच नाहीत. आणलेली माती आपलीच.
बाबा म्हणाले, "मग राहू दे की मार्चपर्यंत."
नि.ने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार
मात्सुमोतो. आज सांगणार होते. उलट मलाच सांगितलं गेलं.

हा अस्सल, लाकडी, शेकडो वर्षांचा. काळा. बाबा पुलावर थांबून म्हणाले, "आता कसं!" बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे, आणि पायऱ्या म्हणजे अक्षरशः शिडी. इरा सरसर वर. "आजोबा, आबुनाई!" जपून, म्हणाली. बाबा दुसऱ्या मजल्याच्या चौथ्या पायरीवर थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. मागे रांग. मग बाबा उलटे खाली उतरले.

"तुम्ही जाऊन या. मी आहे इथे."
गेलो. वर वारा छान होता. मला काही दिसलं नाही.

खाली आले तर बाबा बाकावर गुडघा चोळत बसलेले. म्हटलं, शिक्का ऑफिसात आहे, मारून आणते. "नको. चढलो नाही, शिक्का कसला?"
"मी चढले ना बाबा. माझा म्हणून मारते."
"तू चढलीस ते तुझं. माझ्या वहीत कसा?"
पान कोरं ठेवलं.

मग सोबा नूडल्स खाताना बाबा, मीठ मागावं इतक्या सहज: घरी तीन जिने आहेत ना, इकडे यायच्या आधी दोनेक महिने एक दिवसाआडच उतरत होतो. भाजी दोरीने टोपलीत घ्यायचो. "मार्च काही लांब नाही, म्हणून बोललो नाही."

आई गेल्यापासून रोज फोन करते मी. रोज. टोपली एकदाही निघाली नाही बोलण्यात.

९ नोव्हेंबर
काहीच कळेनासं झालंय. इथे राहावंसं वाटतं. नि.साठी नाही, इराच्या शाळेसाठीही नाही, मला वाटतं. तोयोसूच्या ऑफिसात पाणी बघत डबा खाते तेव्हा मला हलकं वाटतं. पुण्यात असं कधी वाटलेलं नाही. हे खरं. आणि बाबांचा गुडघा, हेही खरं. बाबांना इथे आणावं, तर म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं ठेवून घेता येत नाही, विचारून झालंय. अर्ज मागे घ्यावा? अजून उत्तर तरी कुठे आलंय. नाही आलं तर सुटले, असंही वाटतं. मग रडूही येतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ऑफिसात एकांनी आमच्यासोबतच अर्ज केला होता, त्यांचं मंजुरीचं पोस्टकार्ड येऊन गेलं. आमचं नाही. टपाल वर आणायचं काम हल्ली बाबांचं आहे, लिफ्टने जातात, ऐटीत. त्यांना विचारायचं तर काय म्हणून विचारू?

बाबा आठवडाभर मार्चबद्दल एकदाही बोललेले नाहीत. बरं वाटलं. बरं वाटलं, याचीच शरम वाटते. आज इराला मोहरी कापून कोशिंबिरीत घालायला शिकवली. किल्ल्याची हजामत, म्हणाली इरा.

६ डिसेंबर, शनिवार
बाबा गेले. विमानतळावर व्हीलचेअर घ्या म्हटलं तर डोळे वटारले, मग गुपचूप बसले. मी तेव्हाही बोलले नाही. "बाबा, मला तुम्हाला..." म्हटलं, आणि ते म्हणाले, "अगं, मुलांच्या मागे धावून चेहरा उतरलाय तुझा, डॉक्टरकडे जा." मुलं म्हणजे कोण? एकच तर आहे. मग आत गेले.

परतीच्या गाडीत इरा म्हणाली, "आजोबांकडे ते कार्ड आहे ना, ते त्यांनी मला वाचायला लावलं."
कुठलं कार्ड?
"त्यावर लाल शिक्का होता. त्यांना वाटलं, कुठल्यातरी किल्ल्याचं आलंय. वहीत लावणार होते. मी म्हटलं, नाही, हे आपलं आहे, आपण आता हवं तितकं राहू शकतो."
कधी?
"मात्सुमोतोनंतर. ते म्हणाले, वा! आणि मला आइस्क्रीम दिलं. आईला आपण सरप्राइज देऊ म्हणाले. मी सांगितलं नाही."
सगळा डबा शांत होता. इथले डबे असतातच शांत.

७ डिसेंबर, रविवार
वही बाबांच्या उशाशी. घडी घातलेल्या चादरीखाली नीट ठेवलेली, राहून गेलेली नाही. मात्सुमोतोच्या पानात पोस्टकार्ड. इमिग्रेशनच्या ऑफिसात हजर व्हायची शेवटची तारीख १९ डिसेंबर. शिक्क्याच्या कोऱ्या चौकोनाखाली पेन्सिलने, बाबांचं ड्रॉइंग ऑफिसातल्या नोकरीत घोटलेलं अक्षर: मेधा चढली. मी खाली होतो.

म्हणजे काय? जा, असं? की मी खाली आहे, असं? दहा वेळा वाचलं. नि. म्हणतो, "परवानगी आहे ही, सरळ आहे." त्याला सगळं सरळच दिसतं.

दुपारी बाबांचा फोन. "पोचलो. दोन मजले झाले. तिसऱ्याच्या पायरीवर बसलोय, म्हटलं तेवढ्यात फोन करावा."
"बॅग?"
"वॉचमन देतो आणून."
"बाबा, वही राहिली."
"राहिली नाही."
त्यांचा श्वास ऐकू येत होता. गॅलरीत पेंग्विन, मोहरीची खुंटं, चार पिशव्या माती. १९ला जाईन की नाही, मला आत्ता खरंच माहीत नाही.
"ठेवू का मग?" म्हणाले. "अजून एक जिना आहे."
म्हटलं, "ठेवू नका. सावकाश चढा. मी आहे फोनवर."