पाण्यापुढं पळणारा

पुणे, १२ नोव्हेंबर १९७१

तीर्थस्वरूप मच्छिंद्रदादाच्या पायांवर धाकट्या पुंजारामचा दंडवत.

नोकरी लागली. आईला एवढंच वाचून दाखव, पुढचं तू एकटा वाच.

अर्जात 'छंद' असा रकाना होता. खोलीवरची पोरं म्हणाली, वाचन लिही, सगळे तेच लिहितात. मला खोटं लिहायची लाज वाटली. 'पळणे' असं लिहून मोकळा झालो.

मुलाखतीला तीन साहेब. एकानं विचारलं, कुठल्या शर्यतीत पळालात? म्हटलं, पाण्याबरोबर. पुणतांब्याला पाटाचं पाणी सुटलं की त्याच्या पुढं दोन मैल पळत येऊन वावराचं दार उघडायचो. तिघं खदाखदा हसले. "अहो, हा छंद कसला, ही तर मजुरी!" आणि हे म्हणणाऱ्याचा छंद काय? दुसऱ्यांच्या पाकिटांवरची तिकिटं भिजवून काढायची नि वहीत डकवायची! वर कौतुकानं सांगतो. असली बिनकामाची माणसं आपल्याला अक्कल शिकवणार!

मग म्हणाले, कारकुनाची जागा भरली, पण पळता ना, टपाल पोचवा. बी. ए. होऊन शिपाई झालो, दादा. आईला कारकूनच सांग.

पाटाला पाणी सुटलं का? आता पुढं कोण पळतं? तुझा गुडघा धड नाही, तू पळू नकोस.

या पाकिटावरचं तिकीट चुलीत घाल. तसल्या वहीत आपल्या घरचं काही जायला नको.

तुझाच,
पुंजाराम