वाट्यांतलं पाणी

कुळगाव, बारवी रोड
१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तर परवा फोनवर तू विचारलंस, "माश्या काय म्हणतात?" आणि मी शेवग्यावर गेले, मग वालावर, मग बाबांच्या शिफ्टवर. तुला कळलंच असणार. पण तुझी सून, सोनियावहिनी, फोन स्पीकरवर ठेवते, आणि तिच्याकडून बातमी अंबरनाथला आईकडे पोचायला चहा उकळण्याइतका पण वेळ लागत नाही. म्हणून लिहितेय. प्लीज हे एकटीच वाच.

तुझी तब्येत बरी ना? इकडे तुझी बाग ठीक. शेवगा फुलांनी भरलाय. वांग्यांना कीड आहे, पण मी फवारत नाही, मधमाश्यांच्या पेट्यांमुळे. दोन्ही पेट्या मस्त. म्हणजे माश्या मस्त आहेत.

तुझी तांबडी कोंबडी खुडूक बसली. कुठे, तर बरोबर एका पेटीच्या स्टँडखाली. शेजारचे हिरामणदादा रिक्षा पुसता पुसता म्हणाले, "उचल तिला तिथनं. सांजच्याला टोपलीत घाल, अंड्यांसकट." मी म्हटलं, शांत बसलीय, बसू दे. मी व्हिडिओत बघितलं होतं, जागा हलवली की कोंबडी अंडी सोडते. मग रोज वाकून तिला दाणे द्यायचे. गेल्या आठवड्यात असेच दिले, आणि उठताना डोकं स्टँडला आपटलं.

मानेवर चावल्या. आपल्या सातेरी माश्या, आधी कितीदा चावल्यात. चुना लावला की विषय संपला. याही वेळी चुना लावला. मग तळहात खाजायला लागले. मग जीभ जाड झाली, जशी काय दुसऱ्याच कुणाची तोंडात ठेवलीय.

हिरामणदादांनी रिक्षात घातलं. रस्ताभर ओरडत होते, "बोलत ऱ्हा गो, काय पण बोल!" मला काहीच सुचेना, मी एबीसीडी म्हणत होते. क्यूच्या पुढे आवाजच निघेना. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, ही ॲलर्जी आता वाढत जाणार, पुढच्या वेळी इथवर पोचशीलच असं नाही. पेट्या काढून टाक. जवळ ठेवायला एक इंजेक्शन लिहून दिलंय. आईला वाटतंय मी पाणीपुरी खाल्ली.

खुडूक कोंबडीला विठावहिनीनेच हलवलं शेवटी. हिरामणदादांच्या बायकोला तू ओळखतेसच. पदर तोंडाला गुंडाळून गेली, कोंबडी उचलली आणि मला म्हणाली, "हिला पण तुझ्याएवढीच अक्कल." व्हिडिओ खोटा निघाला. टोपलीत मजेत बसलीय.

पण वाट्यांचं काय करू? स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. दुपारपर्यंत त्या सुकतात. मुंग्या एकदा आत गेल्या की माश्या घर सोडून उडून जातात. हिरामणदादांना म्हटलं, तुम्ही भराल का? "मी नाय. माश्या तुझ्या नि टेन्शन माझा?" आणि विठावहिनी रोज कामावर जाते. मग मी शेवग्यामागे उभी राहून पाइपने नेम धरते. काल धार पेटीवरच बसली. मी पळत खोलीत, दार बंद, आणि कितीतरी वेळ नुसती थुंकी गिळून बघत होते, घसा उघडा आहे ना.

कमळाकरकाका, वांगणीचे, ज्यांच्याकडून पेट्या आणल्या, ते रविवारी संध्याकाळी परत न्यायला तयार आहेत. मी हो म्हटलं. मग फोन करून थांबा म्हटलं. मग पुन्हा हो. ते म्हणाले, "बेटा, एकदाच काय ते सांग."

आणि आज सकाळी काय झालं ते तरी लिहूनच टाकते. मुंग्यांची रांग स्टँडच्या पायावर चढलेली दिसली. पाइपला पाणी नव्हतं. मी तांब्या घेऊन गेले. तोंडावर जाळी न घालता, कारण जाळी शोधेपर्यंत माझा धीर गेला असता. रांग पुसली, सगळ्या वाट्या भरल्या. एक माशी मनगटावर बसली, चालली, उडाली. काही झालं नाही. इंजेक्शन खोलीतच राहिलं होतं. परत आले तेव्हा आत इतकं छान वाटत होतं की मला त्याचीच भीती वाटतेय. उद्या पण मी जाईन, मला माहितीय.

आईला विचारलं तर ती आजच पेट्या उचलायला लावेल. तुला विचारतेय कारण पिसांनी दमा वाढतो असं डॉक्टरांनी सांगूनही तू कोंबड्या सोडल्या नाहीस. पंप कमरेला खोचून खुराडं झाडायचीस. शेवटी नाशिकला न्यावं लागलं तुला, तेव्हा सोडल्यास. मी तेव्हा तुला शूर समजायचे. आता कळत नाही काय समजू.

खरं सांग आत्या, त्या वेळी कुणी तुझ्या कोंबड्या सरळ उचलून नेल्या असत्या, तर आज तुला त्याचा राग आला असता, की बरं वाटलं असतं?

रविवारच्या आत तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
अनुया