हसताना धरायची उशी

बाईसाहेबांस, खाटेवरून सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणतात. जखमेचं मत जरा वेगळं आहे. तिने थोडा पू धरलाय, म्हणून मुक्काम वाढला. काळजी नसावी.

इथे माणसांना नावं नसतात. शेजारचा हर्निया घरी गेला, समोरचा गुडघा तर स्वतः चालत गेला. मी 'आतडं', अजून इथेच. तुझी कंबर काय म्हणते?

खोकताना, हसताना टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून पोटाशी उशी दाबून धरायची असते. तुझं पत्र आलं की नर्स आधी उशी देते. "घ्या काका, वाचा आता!"

यावेळी मात्र एकही टोमणा नाही, नुसतं 'जपा'. मी उशी तशीच धरून बसलो. इतकी घाबरलीस होय गं? टाक्यांचं मी बघतो, तू नेहमीसारखी भांड.

तुझाच,
खाटेवरचा