नैरोबीचं मानाचं बोलावणं

४ जानेवारी १९३७, लोणावळा
संताप. नैरोबीहून मेहुण्याचं पत्र. महिपती तिथल्या रेल्वेत फिटर आहे, पण ऐट अशी की रूळ यानंच टाकले. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण मे महिन्यात, म्हणून बहिणीला, म्हणजे आमच्या सरूला, बोलावलंय. दोघांचं बोटीचं भाडं तो भरणार, मोटारीत बसवून सिंह दाखवणार. पत्र सरूच्या नावाचं. मी शेवटच्या ओळीत: 'भाऊजींनाही आणावे.' त्यातही तो 'ही'. पिशवी आणावी, छत्री आणावी, भाऊजींनाही आणावे!
मोकळा सिंह पाहायची मला लहानपणापासून इच्छा आहे. सर्कशीतला पाहिला, तो जांभई देत होता. पण थोरल्या जावयाला असं बोलावतात? लग्नात कान पिळताना यानं कान उपटायचाच बाकी ठेवला होता. तेव्हाच माणूस ओळखायला हवा होता.
निश्चय: माझ्या नावाचं वेगळं पत्र येईपर्यंत आफ्रिका बंद.

५ जानेवारी
उत्तर टाकलं. 'सवड नाही.' दोनच शब्द. झोंबतील. आता विनवण्या येतील, तेव्हा सांगायचं, येतो, पण भाडं माझं मी देणार.
बजेट: बोट, मोटार, वाटाड्या, सिंहाच्या मुलखातलं किरकोळ बक्षीस. एकूण तीनशे. शिल्लक चौतीस. महिन्याला पगारातून पंचवीस वाचले तरी... बेरीज उद्या.

१२ जानेवारी
काटकसर सुरू. घरातला चहा बंद केला. सरूनं विचारलं, मग स्टेशनवर रोज तीन कप कोण पितं? आमच्या गुड्स ऑफिसातल्या बातम्या घरी कोण पोचवतं, याचा छडा लावणार. महिनाभर दाढीसुद्धा घरीच. हनुवटी दोन ठिकाणी कापली. ब्लेड भिकार.

२४ जानेवारी
खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यात लिलाव. सोला हॅट साडेचार रुपये, दुर्बीण अकरा. हा खर्च नव्हे, भांडवल. घरी येऊन पाहतो तो दुर्बिणीचं एक भिंग आंधळं. विकणारा चोर. पण सिंहासारखा सिंह एका डोळ्यानंही दिसतो.

७ फेब्रुवारी
सासरे कोंडाजीआबा लोहगडवाडीहून चालत आले, म्हणाले, 'जावईबापू, जावा की. पोरगी एकली कुटं जानार?' बोलावणारा महिपती, विनवणी सासऱ्यांची! हे म्हणजे लग्न एकाचं आणि अक्षता दुसऱ्याच्या. मात्र मुद्दा बरोबर मांडला त्यांनी. एकटी कुठे जाणार? माझ्यावाचून तिचं जाणं नाही आणि तिच्यावाचून महिपतीचं भागत नाही. सगळे पत्ते माझ्या हातात.

२१ फेब्रुवारी
सरूनं स्पष्टच विचारलं, यायचं आहे की नाही. मी नाही म्हटलं. रीतीनं तिनं पुन्हा विचारायला हवं होतं. ती म्हशीला पाणी पाजायला गेली. मी अर्धा तास तोंड फिरवून बसलो होतो. मान अवघडली.

१० मार्च
आलं! पत्र माझ्या नावाचं! ऑफिसात मुद्दाम सगळ्यांसमोर फोडलं, मोठ्यानं वाचलं. 'तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी साष्टांग दंडवत.' मायना पाऊण पान. मानपानात बोट ठेवायला जागा नाही. पुढे: 'आपणांस सवड नाही हे कळले. आपल्या शब्दाबाहेर आम्ही नाही. दुसरे तिकीट आपल्याकडील टांगेवाल्या नूरमहंमदभाईंच्या पत्नी रोशनबींना दिले आहे. त्यांचा मुलगा मोंबासास असतो. ताईला सोबत होईल.'
हेडक्लार्क खोकला. त्याला खोकला नव्हता.

१४ मार्च
नूरमहंमदच्या टांग्याच्या अड्ड्यावर गेलो. समुद्र बायकांना सोसत नाही, असं सुचवायचं ठरवलं होतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, 'साहेब, सहा वरसं झाली, तिनं लेकाचं तोंड न्हाई पाह्यलं. तुमी जागा सोडलीत.' मी म्हटलं, त्यात काय एवढं. टांग्यानं फुकट घरी सोडलं. वाटेत सगळ्यांना सांगत होता. इतका राग मला कधी आला नव्हता आणि तो काढायला जागा नव्हती.

२८ मार्च
स्टेशन. हॅट घालून गेलो. आयत्या वेळी कुणी म्हणालंच, तर तयारी असावी. कुणी म्हणालं नाही. आफ्रिकेच्या फंडात नऊ रुपये. गाडी हलायच्या आत सरूला म्हटलं, तू मला एकदाच विचारलंस. ती म्हणाली, 'पुन्यांदा इचारनार हुते. मग म्हनलं, धा वरसं मीच काढतीया तुमचा रुसवा. या बारीला ऱ्हाऊ द्या.'
रोशनबीनं खिडकीतून सलाम केला.

१३ जून
सरूचं कार्ड. महिपतीला मुलगी झाली. मोंबासाहून नैरोबीला जाताना आगगाडीच्या खिडकीतून सिंह दिसला. उन्हात आडवा पडला होता, गाडी गेली तरी उठला नाही. तिनं रोशनबीला हलवून जागं केलं. पुढे लिहिलंय, तेव्हा तुम्ही हवे होतात.
मला जायचं होतं. फार जायचं होतं.
सकाळी म्हशीनं लाथ मारली, चरवी उपडी केली. ठरवलं, हिच्याशी संबंध तोडायचा. दिवसभर गोठ्याकडे पाठ करून बसलो. तिला पत्ताच नव्हता. दिवेलागणीला पेंडीची पाटी घेऊन मीच गेलो, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, खा बाई, चुकलं माझं.