खंड सातवा

४ मार्च

आज पुन्हा कॉलेजचं ग्रंथालय. शाळेने वर्षभराची रजा दिली ती या प्रबंधासाठी, आणि त्यातले अकरा महिने बघता बघता सरले! विषय भला मोठा — आपल्या देशाचे नदीपलीकडच्या शेजाऱ्याशी संबंध. मी शिकलो खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत. तिथल्या नकाशात ती नदी म्हणजे नुसती निळी रेघ. आता त्याच रेघेवरच्या पुलाचं फाटक कधी बंद झालं, कुणी केलं, हे माझं चौथं प्रकरण.

तसं त्यात नवं काही नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच पुस्तकात लिहून ठेवलंय — चौदा तारखेला शेजाऱ्यांनी फाटक लावलं आणि करार मोडला. पुढे सगळ्यांनी तेच लिहिलं. मीसुद्धा किती वर्षं फळ्यावर तेच!

सर महिनाअखेरीस निवृत्त होतात. त्याआधी त्यांची सही हवी. नाहीतर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी — आणि रजा काही पुन्हा मिळायची नाही.

ही म्हणाली, "पन्नाशी आली तरी दप्तर सुटेना तुमचं."

६ मार्च

ग्रंथपालबाई तळघरातल्या फळ्या रिकाम्या करत होत्या. इथला नियमच आहे — ज्या पुस्तकाच्या कार्डावर दहा वर्षांत कुणाची सही नाही, ते रद्दीत. "माणसांना लावला हा नियम, तर आमचे हे पहिल्या खेपेलाच जातील," म्हणाल्या. हसलो खरा, पण त्या ढिगाकडे बघवेना.

सीमेवरच्या नाक्यांचे दैनिक अहवाल, खंड एक ते सहा, वाचून संपले. सर म्हणाले होते, "सहा पुरेत, मास्तर. सातवा नुसता आकड्यांचा. डोळे जातील तुमचे."

९ मार्च

सातवा काढलाच. जाऊ नको म्हटलेल्या गल्लीत जायची खोड लहानपणापासूनची.

पुलावरून गेलेल्या गाड्या — आठ तारखेला एकशे चौदा. नऊला शून्य. दहाला शून्य. आकड्याच्या बाजूला आपल्या नाक्यावरच्या कुणा कारकुनाच्या बारीक अक्षरात शेरा: 'वरून हुकूम आल्याने सकाळी सहापासून आपले फाटक बंद.'

आपले! शेजाऱ्यांनी लावलं ते पाच दिवसांनी, आपलं बघून. करार आपण मोडला.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

१० मार्च

खंड मिटून ठेवावा का? कुणाला कळणार आहे?

११ मार्च

हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग सरांना सरळ सांगा की."

"ज्यांची सही हवी, त्यांनाच खोटं ठरवू?"

"खोटं वेगळं, चुकलेलं वेगळं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी काय खोटारडी होते?"

पटलं. माणूस आहे, चुकतो. सरांना हा खंड मिळालाच नसेल.

१३ मार्च

शेरा उतरवून घ्यायला खंड घरी आणला. बाईंनी सहीसाठी कार्ड पुढे केलं. माझ्याआधी तीन सह्या — तिन्ही सरांच्या! पहिली सत्तावीस वर्षांपूर्वीची, दुसरी अठरा, तिसरी नऊ.

म्हणजे पुस्तक छापल्यावर वर्षभरातच त्यांना कळलं होतं. त्यानंतर चार आवृत्त्या निघाल्या. चौदा तारीख तशीच. हिचं मीठ इथे लागू नाही! आणि दर नऊ वर्षांनी खंड नेऊन काय करत असतील? दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, दुसरं काय!

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, सर.

१७ मार्च

सकाळी देवापुढे बसलो. मागितलं काही नाही, झालं ते सांगितलं. मग टेबलाशी येऊन चौथ्या प्रकरणात 'नऊ' लिहिलं. खाली तळटीप: खंड सातवा, पान दोनशे बारा.

पण जेवण गेलं नाही. रजा, नोंदणी, हिने वर्षभर काढलेली कळ — सगळं त्या एका आकड्यावर लावलंय.

२० मार्च

सरांच्या खोलीत पुस्तकांची खोकी बांधलेली. त्यांनी उभ्यानेच प्रकरण चाळलं. एका पानावर थांबले. कोणत्या, ते मला ठाऊक होतं.

"सातवा पाहिलात तर."

"हो सर."

"झाकली मूठ होती, मास्तर." प्रकरण मिटलं आणि म्हणाले, "ठेवून जा."

२४ मार्च

निरोप नाही.

२६ मार्च

नाही. ही म्हणते, "फोन करा." करत नाही. माझ्यातला मुलगा अजून मास्तरांना घाबरतो!

२८ मार्च

सही झाली!

चौथ्या प्रकरणात एक शब्दही बदललेला नाही. इतर प्रकरणांत माझ्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र काढल्या आहेत, नेहमीसारख्या.

खरं तर आनंदाने उडायला हवं होतं. पण निघताना त्यांना वाकून नमस्कार केला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, हात थोडा पुढे केला होता. मी कागद सावरायचं निमित्त केलं. त्यांनीही मग खोक्याची दोरी घट्ट केली.

खरं माझ्या बाजूला होतं ना!

३१ मार्च

खंड परत करायला गेलो. सर सकाळीच खोलीची किल्ली देऊन गेले होते. मी बाईंना म्हटलं, "सर बरेचदा न्यायचे हा खंड."

"न्यायचे कुठले! शेवटच्या दोन वेळा मीच होते की. नऊ वर्षं झाली की यायचे, कार्डावर सही करायचे आणि खंड तिथेच ठेवायचे. म्हणायचे, रद्दीत जाऊ देऊ नका, माझ्याच्याने झालं नाही, पण कुणीतरी विचारायला येईल. यंदा पुन्हा सही करायची होती त्यांना. आज कार्ड काढलं तर तुमची सही. कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, आता मला काळजी नाही."

आणि मी कागद सावरत होतो.