डोंगरसिंगकाकाचा पाय एका दिवसापुरता बरा झाला, त्याबद्दल

मु. तांडा, बाभुळगावजवळ
१२ मार्च १९६१

तीर्थरूप फुलसिंगमामा (माजी हवालदार, खेचर कंपनी) यांच्या पायाशी देवीलालचा वाकून रामराम.

आमी इकडं बरे आहो, तवा तुमी ढाणकीले बरेच असान असं धरून चाललो. मामीचा दमा कसा आहे? म्हशीनं लाथ मारली ती बोटं जुळली का? (मी आजकाल ज्या कथा लिहितो त्यात पूर्णविराम टाकत नाही, नवीन पद्धत आहे. पण तुमचा चष्मा ध्यानात घेऊन या पत्रात जागोजागी टाकून राह्यलो.)

मामा, सरकार बंद करते ते काही रागानं करत नाही, हे मले या दोन-चार महिन्यांत समजलं. काकाची पेन्शन बंद झाली. ज्या पायावर काश्मिरात तुमचं खेचर पडलं (तुमी म्हणता काकाचं होतं, तो वाद राहू द्या) त्याच पायाची. आपल्याले वाटे, एकदा मंजूर झाली म्हंजे जलमाची झाली. पण कागदावर पयल्यापासूनच लिवलं होतं, "पुढच्या तपासणीपर्यंत". आपण कोणी वाचलंच नव्हतं. मी बी.ए. असून वाचलं नव्हतं, अन् त्याच पेन्शनीवर मी बी.ए. झालो.

तर तपासणीचं बोलावणं आलं. साहेबापुढं जायचं म्हटल्यावर तांड्यात लग्नघरासारखी धांदल. तुमच्या बहिणीनं, म्हंजे आमच्या रुपीकाकीनं, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोहाच्या तेलानं तो गुडघा असा चोळला का तो दहा वर्षांत पयल्यांदा वाकला. तांड्याच्या नायकानं आपला कोट देल्ला. मी काकाचे बूट घासले, इतके का त्यात मले माझी मिशी दिसे. काठी मीच घरी ठेवून देल्ली, काहून का साहेबापुढं काठी टेकत जाणं बेअदबी, असं काका म्हणे अन् मलेही पटलं. बशीत कंडक्टरनं फौजी म्हणून पुढची जागा देल्ली, पाय लांब करू देल्ला, एका म्हातारीचं कोंबड्याचं टोपलं काकाच्या पायाखाली घेतलं. (कोंबडे नाराज होते.) या सगळ्यांचा मी जलमभर आभारी आहो. त्यांच्यातल्या एकानं जरी काकाले नीट छळलं असतं, तरी आज पेन्शन चालू राह्यली असती.

डाक्टरसाहेबही देवमाणूस. खुर्ची देल्ली, चहा पाजला. मंग एवढंच म्हणाले, "कैसे हो, जवान?"

मामा, तुमीच सांगा, हे फौजीले विचारायचं असते का? काका खाडकन उभे झाले. "एकदम ठीक, साब!" साहेब म्हणाले, चलके दिखाओ. काका चालले कुठं, परेड केली. भिंतीपर्यंत गेले, तिथून उलटे फिरले, आले, सलाम ठोकला. मी मागून खोकलो, डोळ्यानं खुणा केल्या, कोटाचं टोक ओढलं. काकानं हळूच म्हटलं, "देव्या, लाइनीत उभा राय." डाक्टरायच्या बोर्डानं लिहिलं, अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली. अन् विसाच्या खाली पेन्शन नसते. साहेबानं जे पाह्यलं तेच लिहिलं, मी त्यांच्यावर नाराज नाही. त्यांनी जे पाह्यलं नाही ते मी पाह्यलं. बाहेर निघाल्यावर काका फाटकाजवळच बसले. बसस्टँडावरून तांड्यापर्यंत बैलगाडीत आडवे आणले. चार दिवस बूट निघाला नाही, पाय एवढा सुजला. पाचव्या दिवशी बूट कापला.

पेन्शन गेल्याचं काकाले एवढं दुःख नाही. ते म्हणतेत, सरकारनं लिहिलं म्हंजे आपण दहा वर्षं फुकटच खाल्लं का? काकी रोज सांगते, "फुकट नाही हो, पायाचं खाल्लं." ऐकत नाही.

बाकी दफ्तरातल्या बाबूचेही उपकार. त्यानं आपणहून सांगतलं का सहा महिन्यांत अपील करता येते. मी अपील लिहून टाकलं. बाबू म्हणाला, यात पूर्णविराम टाकून आण. आणले. ते मंजूर झालं, दुसरा बोर्ड बसते आहे.

मामीले नमस्कार. लहानांले गोड गोड पापा.

तुमचा,
देवीलाल

ता.क. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, काही मागायसाठी लिहिलं नाही.

ता.क. दुसरा : बोर्ड ५ एप्रिलले आहे. काकीचं तेल मी लपवीन, काठी देईन, बूट तर राह्यलेच नाहीत. पण "कैसे हो" विचारल्यावर खरं बोलायले लावणारा माणूस आमच्यापाशी नाही. साहेबापुढं ठीक नाही म्हणणं काकाले जमत नाही, पण हवालदाराचा हुकूम मोडणंही जमत नाही. तुमी संगं चला अन् दारातच हुकूम द्या : जवान, पाय जसा आहे तसा दाखव. खोटं काही बोलायचं नाही, फक्त खरं बोलायचं आहे.

ता.क. तिसरा : काकानं मागून येऊन हे सगळं वाचलं. म्हणतेत, हवालदारले एवढ्यासाठी त्रास देऊ नको, मी एकदम ठीक आहो. मंग थोड्या वेळानं म्हणाले, येतच असतीन तर कोणत्या बशीनं येतेत ते विचार, मी घ्यायले बाभुळगावले पायी जाईन.

तवा मामा, कोणत्या दिवशी येता ते लिहू नका. सरळ या.