सर्व्हरचं माप मीच काढलं

तीर्थरूप ताईला धाकटीचा पाया पडून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातूनच घे). दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? दिसायला लागलं असेल तर माझं अक्षर बघून हसू नकोस, चौथीतच शाळा सुटली हे तुला ठाऊक आहे.

इकडे मोठीच गंमत झाली. माझी नात जुने फाटके फोटो नवे करून देते ना, ते सगळे तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एका यंत्रात साठतात. त्याला सर्व्हर म्हणतात. (दिवसभर घरघरतो, काका जेवून आडवे झाले की घोरायचे तसा.) तो भरला काठोकाठ. आणि पुढच्या महिन्यात एका शाळेचे शंभर वर्षांचे फोटो येणार. जागा नसली तर काम दुसरीकडे जाईल, आणि त्या कामासाठी पोरीने वर्षभर चपला झिजवल्यात.

मग नवा केवढा घ्यायचा यावर घरात जुंपली. जुना आठाचा (टेराबाईट म्हणतात त्या मापाला, मला आपलं शेर-पायली कळतं). विकणारा टाय लावून आला, म्हणाला चाळिसाचा घ्या, जन्माची काळजी मिटेल. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणाला दहाचा बास, रिकाम्या जागेला काय वारा घालायचा? नात मधे बसून नखं खात होती. मला राहवेना. म्हटलं, पहिलीतल्या पोरीला कोणी लग्नापर्यंत पुरेल असा झगा शिवतं का? आणि आज बसेल तेवढाच शिवला तर चार महिन्यांत काखेत उसवतो. वर्षाला किती वाढते ते बघ, नि तीन वर्षांचं कापड आत दुमडून ठेव. तिने बघितलं, तर गेल्या वर्षी दोन वाढलेले. म्हणजे जुने आठ, तीन वर्षांचे सहा, शाळेचे दोन, वर श्वास घ्यायला चार. विसाचा ठरला. टायवाल्याने तसंच लिहून घेतलं आणि जाताना मला विचारतो, आजी, तुम्ही नोकरी कुठे करत होता? म्हटलं, सहा पोरांच्या शिलाईवर.

आता नात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते, माप आमच्या आजीने काढलं. मी नको नको म्हणते, पण जरा हळूच.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. गेल्या वर्षी वाढलेल्या दोनांतले निम्म्याहून जास्त माझेच निघाले. फोटो आत घेणाऱ्या काचेपाशी नातीने मला बसवलं होतं. नीट गेला की नाही याची खात्री वाटेना, म्हणून मी प्रत्येक फोटो तीन-तीनदा घालायची. काल तिने एकाला सांगितलं, एकदा घातला की कायमचा राहतो. म्हणजे माझे तिन्ही आतच! मी उठून चहा टाकायला गेले.

दुसरा ता. क. नवा यंत्रोबा येऊन बसलाय आणि निम्मा रिकामा राहिला तर माझी अब्रू जाईल. तेव्हा तुझ्या कपाटातले सगळे फोटो (भावोजींचे डोळे मिटलेले सुद्धा) घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, हरवतात. काम महिन्याभराचं आहे, तेवढे दिवस राहायच्या तयारीनेच ये. लवकर संपत आलं, तर मी एकेक तीनदा घालीन.